वीस मेंढ्या, एक मेंढा

२०१७ च्या जूनमध्ये पैनगंगेच्या दोन्ही काठांवर एकच आकडा जाहीर झाला. अलीकडे महाराष्ट्रात २ जूनला ‘राजे यशवंतराव होळकर महामेष योजने’चा शासन निर्णय निघाला : वीस मेंढ्या, एक मेंढा, पंचाहत्तर टक्के अनुदान. पलीकडे तेलंगणात त्याच महिन्याच्या २० तारखेला गोल्ला-कुरुमा समाजासाठी मेंढीवाटप सुरू झालं : तिथेही वीस मेंढ्या, एक मेंढा, पंचाहत्तर टक्के. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला ही नदी आहे आणि नदीपलीकडे आदिलाबाद. दोन्हीकडे तीच काळी जमीन, तोच कापूस, आणि कर्जाच्या कहाण्याही सारख्याच. त्यामुळे त्या महिन्यात काय झालं आणि पुढे काय झालं, हे यवतमाळच्या माणसाने नीट पाहण्यासारखं आहे.

तेलंगणाचं वाटप अवाढव्य होतं. साडेतीन लाखांहून अधिक कुटुंबांना सव्वा लाख रुपये किमतीचा एकेक गट मिळाला. लाभार्थ्याने भरायचे ३१,२५० रुपये. २०१९ च्या पशुगणनेत तेलंगणातल्या मेंढ्यांचा आकडा १ कोटी ९० लाखांवर गेला आणि ते राज्य देशात पहिलं आलं. महाराष्ट्रात त्या वर्षी सुमारे २७ लाख मेंढ्या होत्या. मग तेलंगणाच्या वाटपावर महालेखापरीक्षकांचा अहवाल आला. मेंढ्यांची वाहतूक केली म्हणून जी वाहनं कागदावर दाखवली होती, त्यांत दुचाकी होत्या, ऑटो होते, रुग्णवाहिकासुद्धा होत्या. एकाच मेंढीच्या कानातला बिल्ला पुन्हा पुन्हा वापरल्याचं आढळलं. २०२४ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने तपास हाती घेतला.

मला यातला भ्रष्टाचार तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. तो कुठल्याही वाटपात शिरतो. महत्त्वाचं हे की, ज्यांच्या दारी मेंढ्या खरोखर आल्या, त्यांच्यापैकी ज्याच्या घरात चारणारा माणूस होता त्याची मेंढी टिकली. ज्याच्या घरात तो नव्हता त्याला ती विकावीच लागते, मग ती तेलंगणात असो की दारव्ह्यात. शासन निर्णयात मेंढ्यांची संख्या लिहिता येते, चारणाऱ्याची लिहिता येत नाही.

वीसचा आकडा मात्र विचार करून ठरवलेला आहे. एवढा कळप एक माणूस दिवसभर सांभाळू शकतो. एका मेंढ्याला वीस-पंचवीस मेंढ्या सहज झेपतात. मेंढी पाच महिने गाभण असते; चारा चांगला असेल तर दोन वर्षांत तीन वेतं मिळतात. आपली दख्खनी मेंढी एका वेताला बहुतेक एकच कोकरू देते. पहिल्या वर्षी वीसमधल्या दोन-तीन रिकाम्या राहणार, काही कोकरं जगणार नाहीत. पंधरा कोकरं हाती लागली तर वर्ष चांगलं गेलं म्हणायचं. त्यांतले नर पंधरा किलोच्या आसपास भरले की विकायचे, माद्या राखायच्या. म्हणजे पहिल्या वर्षी हाती येणारी रक्कम लहान असते आणि कळपाची वाढ दिसायला दोन-तीन वर्षं जावी लागतात. जुन्या मेंढपाळाच्या तोंडी हा हिशेब असतो. नवख्याला तो कोणी सांगत नाही, आणि तो पहिल्याच पोळ्याला अर्धा कळप विकून मोकळा होतो.

महामेष योजना भज-क प्रवर्गासाठी, म्हणजे धनगर व तत्सम जमातींसाठी आहे. त्यामुळे बाहेरच्याला वाटतं की लाभार्थ्याला मेंढ्यांचं सगळं माहीतच असणार. पण पुसद, उमरखेड, दिग्रस या भागातल्या हटकर धनगरांची कित्येक घरं एक-दोन पिढ्यांपूर्वीच मेंढ्या सोडून शेतीला आणि मजुरीला लागली. आजोबांनी मेंढरं राखली, बापाने कापूस पेरला, मुलगा पुण्याला कंपनीत जाऊन परत आला. तो अर्ज करतो तेव्हा आडनाव मेंढपाळाचं असलं तरी मेंढीचं तोंड उघडून दात कसे पाहायचे हे त्याला ठाऊक नसतं. त्याला कमी लेखायला हे लिहीत नाही. त्याला शिकवणारं कोणी मिळालं पाहिजे, एवढंच म्हणणं आहे.

यवतमाळने जनावरांचं वाटप आधीही पाहिलंय. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. यवतमाळ त्यात होतं. जोडधंदा म्हणून शेतकऱ्यांना दुभत्या गाई-म्हशी द्यायच्या होत्या. संकरित गाय आली. तिला रोज हिरवा चारा, ढेप, भरपूर पाणी, गावात डॉक्टर आणि दूध घ्यायला डेअरी हवी होती. कोरडवाहू गावात यातलं काहीच धड नव्हतं. घरातल्या माणसांपेक्षा गाईवर जास्त खर्च होऊ लागला, तेव्हा लोकांनी त्या गाई विकल्या किंवा कुणाला तरी देऊन टाकल्या. पत्रकारांनी त्या वेळी हे सविस्तर लिहिलं आहे.

मेंढीचं गणित वेगळं आहे. ती ढेप मागत नाही. तिला फिरवावं लागतं. सोयाबीन निघालेल्या वावरातला पाला, तुरीच्या शेंगा मळल्यावर पडलेला काडीकचरा, धुऱ्यावरचं गवत, कापूस वेचून झाल्यावर पऱ्हाटीला उरलेली पानं आणि बोंडं, यावर ती जगते. इतर जनावर ज्याकडे पाहत नाही ते ती खाते आणि त्याच वावरात लेंडी टाकते. कोरडवाहू कापसाच्या जिल्ह्याला याहून सोयीचं जनावर मला दिसत नाही.

कार्तिक उलटला की जिल्ह्यातल्या वावरांत वाडे, म्हणजे फिरत्या मेंढपाळांचे तळ, उतरतात. काही इथल्याच धनगरांचे, काही मराठवाड्याकडून आलेले, आणि काही थेट कच्छचे रबारी. रबारी अनेक दशकांपासून विदर्भात येतात. उंटावर बिऱ्हाड, बाजा, कोकरं लादलेली. खाली मेंढ्या-शेळ्यांचा मोठा कळप. त्यांच्या मेंढ्या पांढऱ्या, तोंडाला तपकिरी, आपल्या काळ्या दख्खनीहून लगेच वेगळ्या ओळखू येतात. शेतकरी त्यांना वावरात मेंढरं बसवायला बोलावतो, रात्रीचा दर ठरतो, पैशात किंवा धान्यात. संध्याकाळी खुंट्या ठोकून वाघूर लावतात, कळप आत घेतात. सकाळी ते जाळं पुढच्या तुकड्यात सरकवतात. अशा आठ-दहा रात्रींत एकरभर जमीन लेंडीने आणि मुताने भरून निघते. रासायनिक खताची गोणी महाग झाली तसा या बसवणीला पुन्हा भाव आला आहे. दारात पहिला कळप आणणाऱ्याने हे उत्पन्न आधी धरावं. कोकरू विकायला सहा महिने लागतात, लेंडी पहिल्या रात्रीपासून मिळते.

या फिरत्या लोकांकडे आपण नीट पाहत नाही. जानेवारी २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यात कच्छच्या पाच पशुपालकांना अडवून त्यांचे ५८ उंट ताब्यात घेतले गेले. उंट हैदराबादला कत्तलीसाठी चालले आहेत, अशी तक्रार होती. पुढे न्यायालयाच्या आदेशाने उंट परत मिळाले. वर्षानुवर्षं आपल्या वावरांना खत पुरवणाऱ्या माणसांना आपण ओळखत नव्हतो, हे त्यातून उघड झालं.

मेंढी घ्यावी ती अशा चालत्या वाड्यावरून. बाजारातून घेऊ नये. बाजारात पाच गावांच्या पाच मेंढ्या येतात. त्या एकमेकींना ओळखत नाहीत, एका हाकेला येत नाहीत, आणि पाच ठिकाणचे रोग घेऊन येतात. एकाच कळपातल्या वीस घेतल्या तर त्या रस्त्यावरही एकत्र राहतात. जमलं तर त्याच कळपातल्या दोन शेळ्याही घ्याव्यात. शेळी पुढे चालते, मेंढ्या मागे जातात. शिवाय एखादी मेंढी मेली किंवा कोकराला जवळ घेईना तर शेळीच्या दुधावर कोकरू वाढतं. म्हणून बहुतेक कळपांत दोन-चार शेळ्या असतातच.

निवडायची कशी? मेंढपाळ मेंढीचा मागचा पाय आकड्याने धरतो, गुडघ्यात दाबतो आणि अंगठ्याने ओठ वर करतो. मेंढीला पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात. दुधाच्या बारीक दातांत दोन रुंद दात आले असले की ती दोन दाती, वर्ष-दीड वर्षाची. चार दाती दोन वर्षांची. आठ दात जुळले की पुरी वाढ झाली, आणि दात झिजून फटी पडल्या की म्हातारी. पहिल्या कळपात निम्म्या मेंढ्या चार-सहा दाती, एक-दोन वेतं झालेल्या असाव्यात. त्यांना कोकरू सांभाळायचं कळतं. सगळ्या दोन दाती घेतल्या तर विणारीही नवखी आणि पाहणाराही नवखा.

दात पाहून झाले की डोळ्याची खालची पापणी ओढायची. आत लाल-गुलाबी असेल तर ठीक. पांढरट असेल तर पोटात रक्त पिणारे जंत आहेत. मग कास दाबून पाहायची. दोन्ही सड मऊ हवेत, एकात गाठ लागली तर दगडी होऊन गेलेली आहे, त्या बाजूला दूध उतरणार नाही. खूर वर करून वास घ्यायचा. शेपटीखाली हगवणीचे डाग पाहायचे. पाठीच्या कण्यावरून हात फिरवायचा, लोकरीखालचं अंग डोळ्यांना दिसत नाही. भरदार काळी मेंढी लोकरीखाली निव्वळ हाडं असू शकते. हे सगळं करायला एका मेंढीला दोन मिनिटं लागतात. विकणारा घाई करत असेल तर ती घेऊ नये. उलट जो मेंढपाळ भाव सांगण्याआधी ‘घरी कोन हाय चारायले?’ आणि ‘पावसात कुठं ठेवसान?’ असं विचारतो, त्याच्याकडून दोन पैसे जास्त देऊन घ्यावी. त्याला आपल्या मेंढीची काळजी आहे, आणि नंतर अडचण आली तर तो फोन उचलतो.

पावसाचा प्रश्न यवतमाळात खरा आहे. दख्खनी मेंढी ही पश्चिमेकडच्या कोरड्या माळाची. तिथे पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस. आपल्याकडे सरासरी नऊशेच्या आसपास, आणि तो काळ्या चिकट मातीत. आषाढ-श्रावणात वावरात पाऊल टाकवत नाही. ओल्या चिखलात उभ्या राहिल्या की खुरांत सडतं, मेंढ्या गुडघ्यांवर चरू लागतात. त्यातच सगळं वावर पेरलेलं असतं, चरायला मोकळी जागा नाही. म्हणून पहिला कळप दिवाळीनंतर आणावा. मग उन्हाळा संपेपर्यंत सहा-सात महिने मिळतात. माणसाला मेंढी कळते, मेंढीला घर कळतं. योजनांची वाटपं मात्र कागद पुढे सरकले की होतात, मग तो जून असो की ऑगस्ट. हातात निवड असेल तर लाभार्थ्याने थांबावं, आणि अधिकाऱ्यांनीही त्याला थांबू द्यावं. मेंढपाळांना जून ते सप्टेंबर या चार महिन्यांसाठी महिन्याला ६,००० रुपये चराई अनुदान देण्याची तरतूद सरकारने याच अडचणीसाठी केली. त्यासाठी कळप किमान वीस मेंढ्या आणि एका मेंढ्याचा हवा.

गोठा महाग नको. मुरमाड उंचवटा, वर टिनाचं किंवा पऱ्हाटीचं छत, तीन बाजू मोकळ्या, खाली लाकडी फळ्यांचा नाहीतर दगडाचा कोरडा ओटा. पैसा वाघुरीवर आणि राखणीवर खर्च करावा. बिबट्या-लांडग्याचं नाव होतं, पण गावातली मोकाट कुत्री एका रात्रीत पाच-सहा मेंढ्या फाडतात.

औषधपाण्याचं थोडक्यात. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस, आणि पीपीआरची लस. पीपीआर हा रोग भारतात पहिल्यांदा १९८७ मध्ये तमिळनाडूतल्या अरसूर गावात नोंदवला गेला. नाका-डोळ्यांतून पाणी, तोंडात फोड, हगवण, आणि आठवड्यात कळप आडवा होतो. त्यावरची लस आपल्याच भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने तयार केली; एकदा टोचली की तीन वर्षं संरक्षण मिळतं. जगातून हा रोग २०३० पर्यंत संपवायचं आंतरराष्ट्रीय उद्दिष्ट आहे. सरकारी दवाखान्यात ही लस मिळते, मागावी लागते. विकत आणलेल्या मेंढ्या पहिले दोन-तीन आठवडे गावातल्या शेळ्यांपासून वेगळ्या ठेवाव्यात. प्रेमापोटी पहिल्याच दिवशी टोपलंभर ज्वारी किंवा सोयाबीन पुढे ठेवू नये; पोट फुगून मेंढी दगावते. आणि गाईचं खनिज मिश्रण मेंढीला घालू नये. त्यातलं तांबं तिला सोसत नाही, ते यकृतात साठत जातं आणि एके दिवशी ती एकाएकी मरते.

कापसाबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. २०१७ च्याच पावसाळ्यात, जेव्हा या योजनेचे कागद निघत होते, तेव्हा यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो माणसं दवाखान्यात गेली. ज्या पानावर माणूस मारणारं औषध पडतं, त्याच पानावर चार महिन्यांनी आपण मेंढी सोडतो. २००६ मध्ये वारंगळ जिल्ह्यातल्या मेंढपाळांनी तक्रार केली होती की, बीटी कापसाच्या वावरात चरलेल्या मेंढ्या मेल्या. बीटीमुळे मेल्या असं सरकारी यंत्रणांनी मान्य केलं नाही. फवारणीचे अंश आणि नायट्रेट यांच्याकडे बोट दाखवलं गेलं. कारण काहीही असो, मेंढपाळांचा अनुभव आपल्याला वाट दाखवतो. अनुभवी माणूस पऱ्हाटीत कळप घालण्याआधी वावरमालकाला शेवटची फवारणी कधी झाली ते विचारतो. भुकेला कळप थेट आत सोडत नाही. आधी गवतावर पोट अर्धं भरवतो, मग थोडा वेळ पऱ्हाटीत. पावसाने ताण दिल्यावर खुरटलेली कोवळी ज्वारीही तशीच विषारी असते.

आता चराईची जागा. विदर्भातल्या प्रत्येक गावाला ई-क्लास जमीन असते, म्हणजे असायची. गावाच्या ढोरांसाठी ठेवलेली ही जमीन अतिक्रमणात, घरकुलांत, झाडांच्या लागवडीत आक्रसत गेली. उरलं जंगल. जिल्ह्याच्या दक्षिण-पूर्व भागात सागाचं चांगलं जंगल आहे, आणि तिथे वाघ आहे. टिपेश्वर अभयारण्य केळापूर तालुक्यात. राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात टी-१ वाघिणीने, लोक जिला अवनी म्हणतात, तेरा माणसं मारल्याचं वनखात्याचं म्हणणं होतं. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात तिला गोळी घातली गेली. त्याआधीच्या दोन वर्षांत त्या गावांतल्या लोकांनी गुरं चारायला नेणं जवळजवळ सोडलं होतं. तेव्हा राळेगाव, पांढरकवडा, मारेगाव, झरीकडच्या माणसाने एकट्या पोराला कळप घेऊन जंगलकाठाला पाठवू नये. तीन-चार घरांच्या मेंढ्या एकत्र करून दोन मोठ्या माणसांनी न्याव्यात. वनहक्क कायदा, २००६ मध्ये चराईचा सामूहिक हक्क आहे आणि भटक्या पशुपालकांच्या हंगामी वापराचाही आहे. ग्रामसभेने तो मागितला तर मेंढपाळाला वनरक्षकासमोर हात जोडत उभं राहावं लागणार नाही. यवतमाळातल्या काही गावांना सामूहिक हक्क मिळालेत. चराईचं नियोजन मात्र फार थोड्या ठिकाणी झालंय.

विक्रीची चिंता कमी आहे. आपल्याकडे मटण म्हणजे बोकड, मेंढीला गिऱ्हाईक कमी, असं लोक म्हणतात आणि ते बरोबर आहे. पण वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी यांच्या अंगावरून नागपूर-हैदराबाद महामार्ग जातो, आणि हैदराबाद मेंढीच्या मटणाचं शहर आहे. जियागुड्याच्या बाजारात दूरदूरच्या मेंढ्या उतरतात. दलाल गावात येतो तो याच रस्त्याने. त्याच्या अंदाजावर विकू नये; साधा काटा विकत घ्यावा, किलोवर बोलावं. लोकरीचं मात्र वाईट आहे. दख्खनी मेंढी वर्षाला अर्धा-पाऊण किलो जाडीभरडी काळी लोकर देते. घोंगडीला मागणी आटली तशी कातरणीची मजुरीही लोकरीतून निघत नाही. म्हणून लोक बिनलोकरीच्या, उंच पायांच्या नेल्लोरी मेंढ्याकडे वळताहेत. तेलंगणात तर दख्खनीवर नेल्लोरचा संकर इतका झाला की मूळ काळी मेंढी शोधावी लागते. ‘अंथ्रा’ या पशुवैद्यक महिलांच्या संस्थेने दख्खनीची ही घसरण वर्षानुवर्षं मांडली आहे. लांब चाल आणि अर्धपोटी दिवस सोसायची दख्खनीची ताकद मला दोन किलो जास्त मटणापेक्षा मोलाची वाटते.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने केलेलं काम इथे सांगितलंच पाहिजे. बनबिहारी निंबकरांनी सुंदरबनातली लहानखुरी गरोल मेंढी आणली. तिच्यात जुळं होण्याचा एक जनुक आहे. तो दख्खनीत उतरवून डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नारी सुवर्णा’ तयार केली. तिला एका वेताला सरासरी दीडच्या आसपास कोकरं होतात. महाराष्ट्रात छोट्या मेंढपाळासाठी झालेल्या कामांत मी याला फार वरचं स्थान देतो. पण जुळ्यांना दोघांपुरतं दूध लागतं, त्या मेंढीला घरी आल्यावर खुराक लागतो. पहिल्या कळपात सगळ्या नारी सुवर्णा घेऊ नयेत. तिसऱ्या वर्षी, हात बसल्यावर, त्या रक्ताचा मेंढा आणावा.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाची विदर्भात दोन प्रक्षेत्रं आहेत, अमरावतीजवळ पोहरा आणि नागपूर जिल्ह्यात बोंद्री. तिथे प्रशिक्षण मिळतं, ते घ्यावं. पण मंडपातल्या खुर्चीवर बसून मेंढी कळत नाही. म्हणून महामंडळाला आणि जिल्ह्याच्या पशुसंवर्धन विभागाला माझी विनंती आहे : निवड झालेल्या प्रत्येक लाभार्थ्याला मेंढ्या देण्याआधी पंधरा दिवस एखाद्या चालत्या वाड्यावर पाठवा, आणि शिकवणाऱ्या मेंढपाळाला त्याचं मानधन द्या. आणि ज्यांनी यंदा अर्ज भरलाय त्यांनी सरकारची वाट पाहू नये. या दिवाळीनंतर तुमच्या शिवारात वाडा उतरेल. चहापत्ती-साखर घेऊन जा, रात्री तिथेच मुक्काम करा, पहाटे वाघूर काढताना हात लावा, आणि एक मेंढी विताना पाहिल्याशिवाय पैसे मोजू नका.